टाकीचे विरजण

एकदा एका तालुक्याच्या गावी दुधादह्याचा एक मोठा व्यापारी राहत होता. त्याच्या दह्याची ख्याती अशी, की लग्नसराईत आचारी आधी त्याच्याकडे निरोप धाडायचे आणि मग मांडववाल्याकडे. सुरीने कापावे आणि पाण्याचा थेंब सुटू नये, असे ते दही. या गोष्टीत नावे दोनच येतील आणि ती दोन्ही एकाच माणसाची आहेत. म्हणून बाकीच्यांना आपण कामधंद्यावरून आणि नात्यावरून ओळखू. त्यावर त्यांची काही तक्रार असणार नाही.

व्यापाऱ्याच्या एकुलत्या एका मुलाचे लग्न झाले. सून लाखात एक मिळाली: शिकलेली, हसरी, कामाला चपळ. तिचे माहेरचे नाव इंदू. मांडवात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहायची वेळ आली, तेव्हा शेठाणी पुढे झाल्या. ‘इंदू’ त्यांना फार जुने वाटत होते. त्यांनी महिनाभर पुस्तके चाळून एक नाव काढून ठेवले होते, ते त्यांनी मुलाच्या कानात सांगितले आणि मुलाने निमूटपणे तांदळात ‘स्वरा’ असे लिहिले. मुलीला कोणी विचारले नाही; विचारायचे असते हे कोणाला सुचलेही नाही. टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले.

त्या घरात वाईट म्हणावे असे कोणी नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. सुनेसाठी खोली नवी रंगवली होती, कपाट नवे, त्यातल्या साड्या नव्या, उशीचे अभ्रेसुद्धा नवे. दुसऱ्या दिवशी सुनेने आपली पेटी उघडली आणि फडक्यात बांधलेली स्टीलची एक लहानशी डबी ओट्यावर आणून ठेवली. आत तिच्या आईने दिलेले घरचे विरजण होते. ते पाहून सारे घर हसले. “अगं, दह्याच्या घरी कोणी दही घेऊन येतं का!” शेठाणी म्हणाल्या आणि त्यांनी डबी मोरीत रिकामी केली, राखेने लख्ख घासली आणि मांडणीवर उपडी ठेवली. सर्वांत मोठ्याने हसला होता तो खुद्द व्यापारी. सूनही हसली, जरा उशिरा हसली, एवढेच.

तीन महिने गेले. सुनेची तक्रार म्हणून नव्हती. सांगितलेले काम ती चोख करी, विचारले तेवढेच बोले. मात्र ‘स्वरा’ अशी हाक मारली की पहिल्या दोन हाका तिच्या अंगावरून जात आणि तिसऱ्या हाकेला ती दचकून ओ देई. शेठाणींना आधी तो ताठा वाटला, मग त्यांना काळजी वाटू लागली, कारण मुलीचे जेवण चिमणीसारखे झाले होते आणि वाटीतले दही तर ती तसेच ठेवून उठायची. डॉक्टरांनी तपासून सांगितले की, दुखणे काही नाही. नवरा तिला जपत होता, पण दुखणेच नाही म्हटल्यावर जपायचे कशाला, हे त्यालाही कळत नव्हते.

अशात तिच्या वडिलांचा फोन आला. पुढच्या महिन्यात एखादा रविवार पाहून येतो, चार दिवस पोरीला घेऊन जातो. बोलणे साधेच होते. पण ‘चार दिवस’ म्हणून गेलेल्या मुलींचे चार दिवस कधी कधी वर्षभर संपत नाहीत, हे गावात सर्वांना ठाऊक असते आणि व्यापाऱ्यालाही ते ठाऊक होते. त्याला मुलगी नव्हती. या पोरीने उंबरठ्यावरचे माप ओलांडले त्या दिवशी त्याला वाटले होते की, आपले घर आता पुरे झाले. ती गेली आणि परत आली नाही तर, या विचाराने दुकानात बसल्या बसल्या त्याचा जीव खालीवर होई.

एका संध्याकाळी चहा घेताना सून आपण होऊन बोलली, “आमच्याकडे मागच्या हौदात मासे होते. मी कणकेच्या गोळ्या टाकायचे त्यांना.” बस्स, तेवढेच. पण बुडत्याला काडीचा आधार. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात तीन फुटी काचेची टाकी येऊन बसली. तिच्यात निळे खडे, प्लॅस्टिकची हिरवी झाडे, बुडबुडे सोडणारी मोटर, तिला जोडलेला पांढराशुभ्र स्पंज आणि एका वेळी सोडलेले बारा सोनेरी मासे. सून टाकीजवळ आली, तिने काचेवर बोट टेकवले आणि एक मासा त्या बोटापाशी आला. ती हसली. त्या रात्री व्यापारी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

आता शेठाणींच्या घरात एक नियम होता, आणि तो त्यांच्या सासूपासून चालत आलेला होता: रात्रीचे पाणी सकाळी शिळे. पहाटे हंडा-कळशी रिकामी करायची, घासायची आणि नळाचे ताजे पाणी भरायचे. जो नियम हंड्याला तोच टाकीला. माशांनी शिळ्या पाण्यात का राहावे? म्हणून रोज सकाळी मासे परातीत काढले जात, टाकी उपसली जाई, निळे खडे रगडले जात, स्पंज साबणाने धुतला जाई आणि नळाचे थेट पाणी काठोकाठ भरले जाई. टाकी अशी झळके की पाणी आहे की नाही ते कळू नये. आल्यागेल्याने तोंडभरून कौतुक करावे अशी ती टाकी होती.

तिसऱ्या दिवशी दोन मासे पालथे झाले. पाचव्या दिवशी चार गेले. शेठाणींनी टाकी अधिक कसून घासली. आठव्या दिवशी टाकीत पाणी तेवढे उरले. एखाद्याच्या उत्साहावर विरजण पडले, असे आपण म्हणतो. ज्याचे घरच विरजणावर चालते त्याच्या बाबतीत हे म्हणणे जरा अवघड आहे, पण झाले मात्र तसेच. शेवटचा मासा सुनेने ओंजळीत घेतला, जास्वंदीच्या कुंडीत पुरला आणि हात धुऊन ती सासऱ्यांसमोर उभी राहिली.

“बाबा, परत नका आणू,” ती म्हणाली. “इथं नाही जगत ते.”

तिच्या आवाजात राग नव्हता, रडूही नव्हते. तरीही ते वाक्य माशांपुरते नाही, असे व्यापाऱ्याला वाटले.

त्याच गावात एक वृद्ध गृहस्थ राहत. हयातभर शाळेच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. बरण्या पुसायच्या आणि बेडूक मोजून द्यायचे हे त्यांचे काम. वर्गात त्यांनी कधी एक धडा शिकवला नाही, पण गाव त्यांना मास्तर म्हणे, आणि ज्यांनी धडे शिकवले त्यांची नावे गाव विसरले होते. निवृत्तीनंतर त्यांनी ओसरीत माशांच्या टाक्या मांडल्या होत्या. तिथले पाणी काही झळकत नसे. किंचित पिवळसर, काचेला कडेने हिरवट झाक. मासे मात्र पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते.

व्यापारी त्यांच्यासमोर जाऊन बसला आणि त्याने सारे सांगितले. “मास्तर, हयगय म्हणून केली नाही. रोज पाणी बदललं. खडे घासले. स्पंज साबणानं धुतला.”

“रोज?” मास्तरांनी विचारले.

“रोज. एक दिवस चुकला नाही.”

“हं,” मास्तर म्हणाले. ते उठले, आपल्या सर्वांत जुन्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून त्यांनी एक स्पंज काढला, तो त्याच पाण्यासकट डब्यात ठेवला आणि पायात वहाणा सरकवल्या. “चला शेठ, तुमच्या घरी.”

घरी टाकी पुन्हा घासूनपुसून, ताज्या पाण्याने भरून तयार होती. व्यापारी मास्तरांना घेऊन येईल, या अंदाजाने शेठाणींनी त्या दिवशी दोनदा घासली होती. मास्तरांनी वाकून नुसता वास घेतला. “नळाचं, औषध टाकलेलं पाणी आहे. ते औषध उडून जाईपर्यंत आज राहू द्या असंच, उघडं,” एवढे बोलून त्यांनी मोटरची हवेची नळी डब्यात सोडली, डबा वरून झाकला आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले. त्यांनी डब्यातला स्पंज काढला. तो चहाच्या गाळण्यासारखा तपकिरी होता आणि हाताला बुळबुळीत लागत होता. घरातली सारी माणसे बघत असताना त्यांनी तो त्या आरशासारख्या पाण्यात धरला आणि करकचून पिळला.

पाण्यात मातकट ढग पसरला. निळे खडे दिसेनासे झाले.

“अगंबाई! मास्तर, हे काय केलंत!” शेठाणी ओरडल्या. व्यापाऱ्याच्याही कपाळाला आठी पडली. थोरामोठ्यांचा मान राखावा, पण म्हणून भरल्या टाकीत घाण कालवून घ्यावी की काय?

मास्तरांनी तो मळका स्पंज शांतपणे मोटरला जोडला. “हा धुवायचा नाही. टाकी घासायची नाही. पाणी आटलं तर एक दिवस बादलीत ठेवलेलं पाणी वरून घालायचं, तेवढंच. आणि रोज चिमूटभर खाद्य टाकायचं.”

“मासे कधी आणू?”

“मासे नाहीत आणायचे.”

“मग खाद्य कोणाला?”

“पाहुण्यांना,” मास्तर म्हणाले.

“कसले पाहुणे? अहो, कारण तरी सांगा.”

“तीन आठवड्यांनी,” असे म्हणून मास्तरांनी हात पुसले आणि ते चालू लागले.

दूध कितीला, हे गावाला उशिरा कळते. असली बातमी लगेच कळते. शेठ रिकाम्या टाकीत दाणे टाकतात, पाण्याला जेवू घालतात, अशी थट्टा बाजारात सुरू झाली. व्यापारी पहाटेच दुकानात जाई, त्यामुळे खाद्याची चिमूट सुनेच्या वाट्याला आली. पहिले काही दिवस तिने ती देवापुढे ऊदबत्ती लावावी तशी, सांगितले म्हणून टाकली. मग ती टाकीशी थांबू लागली. ढग खाली बसत होता. काचेवर कसलीशी पुसट साय धरत होती. एकदा तिने नवऱ्याला बोलावून दाखवले, आणि त्याला काहीच दिसले नाही तरी तो बराच वेळ तिच्याजवळ उभा राहिला.

हाल झाले ते शेठाणींचे. येता-जाता ते पाणी त्यांच्या डोळ्यांत खुपे. शेवटी दहाव्या-अकराव्या दिवशी त्यांना राहवले नाही. सकाळी त्या बादली आणि घासणी घेऊन दिवाणखान्यात आल्या आणि त्यांनी मोटरच्या वायरला हात घातला.

“आई, नको,” स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

सून तिथे उभी होती, कणकेच्या हातांनी. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून तिने पहिल्यांदाच कशाला तरी नको म्हटले होते. शेठाणींनी वायर सोडली. त्यांना राग यायला हवा होता. त्या रागाची वाटही बघत होत्या. पण का कोण जाणे, त्यांना बरे वाटले. त्या बादली घेऊन मुकाट्याने परत गेल्या.

तीन आठवड्यांनी मास्तर आले. पाणी आपोआप निवळले होते. झळकत नव्हते, पण स्वच्छ होते. मास्तरांनी ओंजळभर पाणी काढून व्यापाऱ्याच्या नाकाशी धरले. “दूध चांगलं की वाईट ते लांबून ओळखता तुम्ही. हे कसं आहे सांगा.”

व्यापाऱ्याने वास घेतला. “मातीचा वास येतोय. कुंडीला पाणी घातल्यावर येतो तसा.”

“घाण येते?”

“नाही. बरा आहे.”

मास्तर खुर्चीवर टेकले. “आता मला सांगा शेठ, तुमचं दूध स्वच्छ. भांडं स्वच्छ. दूध तापवता, कोमट करता. मग तसंच का ठेवत नाही?”

व्यापारी हसला. “तसंच ठेवलं तर नासेल. विरजण नको का लावायला?”

“विरजण कुठनं आणता?”

“कुठनं म्हणजे? कालच्या दह्यातनं.”

“माझा स्पंज म्हणजे विरजण,” मास्तर म्हणाले. “मासा खातो, घाण करतो, त्या घाणीचं पाण्यात विष होतं. मुरलेल्या टाकीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते हे विष पचवतात. नव्या टाकीत ते नसतात. जुन्या घरून आणावे लागतात आणि त्यांना जेवू घालून वाढवावं लागतं. तुमच्या माशांबरोबर थोडेफार आले असतील. वहिनींनी ते रोज सकाळी मोरीत सोडले.”

शेठाणींनी पदराचा शेव बोटाला गुंडाळला. “शिळं पाणी कसं ठेवायचं, म्हणून मी...”

“तुम्ही मायेनंच केलंत. पण वहिनी, शिळं वेगळं आणि मुरलेलं वेगळं. लोणच्याला कोणी शिळं म्हणतं का? नव्या घरात सगळंच्या सगळं नवं असलं, की दिसायला छान दिसतं, पण त्यात कोणी जगत नाही. येणारा जीव आपल्या जुन्या पाण्यातलं थोडं बरोबर घेऊन आलेला असतो. तेवढं आपण धुऊन काढायचं नाही. नवं घर त्याच्यावरच दह्यासारखं लागतं.”

मास्तर माशांविषयीच बोलत होते. सुनेकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही; त्यांना तिचे काही ठाऊकही नसावे. पण व्यापाऱ्याची नजर स्वयंपाकघराच्या मांडणीकडे गेली. तिथे ती स्टीलची लहानशी डबी उपडी होती. तीन-चार महिने लख्ख, कोरडी, रिकामी. हयातभर विरजण लावून मोठा झालेला तो माणूस. घरी चालत आलेले विरजण मोरीत गेले तेव्हा तो हसला होता. त्याला आपलीच इतकी लाज वाटली की मास्तरांना चहा घ्या म्हणायचेही तो विसरला.

दुसऱ्या दिवशी त्याने डबी रुमालात गुंडाळली, दुकान मुलावर सोपवले आणि पहिल्या एसटीने व्याह्यांचे गाव गाठले. त्याला दारात बघून व्याह्यांचा चेहरा उतरला. “शेठ, पोरीचं बरं आहे ना?”

“बरं आहे. मी...” व्यापाऱ्याने डबी पुढे केली. “मी दही मागायला आलोय.”

ही थट्टा आहे की काय, या शंकेने विहीणबाई दाराआडूनच बघत राहिल्या. तालुक्याला दही पुरवणारा माणूस!

“विहीणबाई, लग्नात तुम्ही पोरीबरोबर विरजण दिलं होतं. आमच्या हातनं ते धुतलं गेलं,” व्यापारी म्हणाला. “त्यातलं थोडं असेल तर द्या. नाही म्हणालात तरी तुमचं बरोबर आहे.”

विहीणबाई डबी घेऊन आत गेल्या आणि भरून घेऊन आल्या. डबी देताना त्यांचे डोळे भरून आले होते. “हे माझ्या सासूबाईंचं विरजण. चाळीस वर्षं झाली, एक दिवस मोडलं नाही. त्यांना इंदूचा फार लळा. पोरीला नावही त्यांचंच ठेवलंय.”

व्यापारी येताना एसटीत डबी मांडीवर धरून बसला होता. शेजारच्याने विचारले, “काय आहे हो एवढं जपायला?” तेव्हा त्याने डबीवरचा रुमाल नीट सारखा केला.

तो घरी पोहोचला तेव्हा दुपार कलली होती. मास्तरांनी सकाळीच दोन मासे आणून सोडले होते, दोनच, आणि सून त्यांच्यासमोर जमिनीवर बसली होती. व्यापाऱ्याने दारातच वहाणा काढल्या. आयुष्यात एवढी छोटी हाक मारायला त्याला कधी एवढा धीर लागला नव्हता.

“इंदू,” तो म्हणाला.

पहिल्याच हाकेला तिने मान वळवली.

त्याने डबी तिच्या हातात दिली. तिने झाकण काढले, वास घेतला, आणि इतके महिने जे रडू तिने कोणाला दाखवले नव्हते ते तिथेच आले. शेठाणी आतून धावत आल्या, डबी पाहिली आणि सारे उमगून तिच्याजवळ खाली बसल्या. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “मला सांगायचं नाही का गं?” त्या म्हणाल्या, मग स्वतःच म्हणाल्या, “सांगायला आम्ही ऐकत कुठे होतो!” त्या दिवशी घरच्या पातेल्याला विरजण इंदूने लावले, आणि दुसऱ्या दिवशी तिने भाताबरोबर ते दही दोनदा मागून घेतले.

ठरलेल्या रविवारी तिचे वडील आले. इंदूने चार दिवसांचे कपडे भरले. उंबरठ्यावर ती थांबली आणि वळून म्हणाली, “आई, माझ्यामागे पाणी बदलू नका हं.”

“हातसुद्धा लावणार नाही, इंदू,” शेठाणी म्हणाल्या.

एसटी गेली. घर रिकामे झाले. व्यापारी दुकानात बसून दिवस मोजू लागला, कारण कळले म्हणून भीती लगेच जात नाही. चार दिवस म्हणजे किती, ते चौथा दिवस गेल्यावरच कळणार होते.

ती तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी आली. पिशवी खाली ठेवून आधी टाकीपाशी गेली, दोन्ही मासे मोजले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन तिने दुधाचे पातेले पुढे ओढले. शेठाणींनी घाबरत विचारले, “काय गं, माहेरी करमलं नाही का?”

“करमलं की,” इंदू म्हणाली. “पण इथलं विरजण आंबट झालं असतं ना.”